पाळकीणबाईंचा रविवार

रविवार म्हटला की बहुतेक घरांत थोडं उशिरा उठणं, मटणाचा रस्सा आणि दुपारची झोप. आम्हा पाळकांच्या बायकांचा मात्र हा आठवड्यातला सगळ्यात लांब दिवस. मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी बरीच नगर, जालना, औरंगाबादकडून पोटासाठी आलेली. इथे दिंडोशी, कुरार, गोरेगावात राहताना गाव दूर पडतं. मग मंडळी, म्हणजे आमचा चर्चचा समाज, हेच त्यांचं माहेर होतं. आणि माहेर म्हटलं की दारात कुणीतरी बाई उभी लागतेच. ती पाळकीणबाई.

पहाटे नळाला पाणी यायच्या आधी आम्ही उठतो. हंडे भरायचे, साहेबांचा पांढरा झगा इस्त्री करायचा, मुलांना उठवायचं. प्रभुभोजनाचा रविवार असेल तर रस, भाकरी आणि छोटे पेले आदल्या रात्रीच तयार ठेवलेले असतात. सकाळी पुन्हा एकदा मोजायचे. मग शब्बाथशाळा. तीस पोरं, एक फळा. त्यानंतर उपासना. पेटी वाजवणारी मुलगी आली नाही, तर पेटीवरही आम्हीच.

खरं काम उपासना संपल्यावर दाराशी सुरू होतं. एकीचा तपासणीचा कागद आलेला असतो. दुसरीचा नवरा पुन्हा प्यायला लागलेला असतो. तिसरीला घरमालकाने खोली सोडायला सांगितलेली असते. प्रत्येकीचं शेवटचं वाक्य एकच, "कुणाला सांगू नका हं, बाई." आम्ही सांगत नाही. ऐकलेलं पोटात ठेवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात जड काम, कारण ते खाली ठेवायला जागा नसते.

दुपारी जेवायला किती माणसं, ते ताट मांडेपर्यंत कळत नाही. वरणात पाणी वाढवायचं आणि हसून वाढायचं. संध्याकाळी जोगेश्वरीला नाहीतर कांदिवलीला इस्पितळात कुणाला तरी भेटायला जायचं. मध्येच निरोप येतो, अमक्यांच्या घरी माणूस गेलं. पाळकसाहेब प्रार्थना करून दफनभूमीकडे निघतात. आम्ही घरातल्या बायकांजवळ बसून राहतो, शेजारून भात मागवतो, लेकरांना भरवतो. रात्री घरी आल्यावर महिला मंडळाचा हिशेब असतोच.

हे आजचं नाही. लक्ष्मीबाई टिळक आठवा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला संसार पुन्हा मांडला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या घरात अनाथ मुलं वाढली, आल्यागेल्यांची पंगत बसली. बालकवी ठोंबरेही तिथे राहिले. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेचं शिक्षण फारसं नसलेल्या या बाईच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, म्हणून आपल्याला ते घर दिसलं. ज्यांनी लिहिलं नाही, अशा कितीजणींची घरं दिसलीच नाहीत.

आता एक कठीण गोष्ट बोलतो. मंडळी पगार एकाला देते, काम दोघांचं घेते. राहतं घरही कामाबरोबर मिळालेलं. बदली झाली की मुलांची शाळा बदलते. साहेब निवृत्त झाले, किंवा अचानक गेले, तर घर रिकामं करून द्यावं लागतं. ज्या बाईने तीस वर्षं इतरांच्या दुःखात भात शिजवला, तिने त्या दिवशी कुठे जायचं? मुंबईच्या उपनगरात भाड्याची खोली घ्यायची म्हटली तरी आधी अनामत मोजावी लागते.

आम्ही सेवेचं मोल मागत नाही. सेवा आमच्या आवडीची आहे. दाराशी रडत आलेली बाई हसत परत जाते तेव्हा सगळा शीण उतरतो. पण तीन गोष्टी मागतो. प्रभुभोजनाचे पेले धुवायला पाळीपाळीने दोघीजणी थांबा. सोमवारचा दिवस, कुणाच्या जिवावर बेतलं नसेल तर, आम्हाला आमच्या मुलांसाठी सोडा. आणि पंचमंडळींनी पाळक हयात, धडधाकट असतानाच त्यांच्या पत्नीच्या छपराचा विचार करून तो कागदावर उतरवावा. दरमहा थोडी रक्कम तिच्या नावाने बाजूला टाकावी.

ऐकणाऱ्या सगळ्याच काही ख्रिस्ती नसतील. पण पुजाऱ्याच्या, मौलवींच्या, गावातल्या डॉक्टरांच्या घरातही अशी एक बाई असते. लोक दार वाजवतात आणि साहेबांना विचारतात. पुढच्या वेळी "साहेब आहेत का?" म्हणण्याआधी तिला एवढंच विचारा, "बाई, तुम्ही जेवलात का?"