पंडिता रमाबाईंचे आत्मपरीक्षण

एखाद्याने धर्मांतर केले म्हणजे त्याच्या श्रद्धेची परीक्षा घेणाऱ्यांची कधी वाण पडत नाही. सोडलेल्या घरची माणसे म्हणतात, याने हे लोभासाठी केले. नव्या घरची माणसे पाहत राहतात, की हा खरोखर आपल्यातला झाला आहे की नाही. या गर्दीत खरा परीक्षक बहुधा मागेच राहतो. तो म्हणजे ज्याची श्रद्धा, तो स्वतः. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा परीक्षक पुढे आला आणि त्याने जो निर्णय दिला तो इतर कोणत्याही परीक्षकाहून कठोर होता. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना आढळून आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. ही कबुली त्यांनी आपल्या श्रद्धेची हकीगत सांगणाऱ्या, १९०७ साली निघालेल्या इंग्रजी पुस्तिकेत स्वतःच देऊन ठेवली आहे.

ही कबुली देणारी स्त्री भोळी नव्हती. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी संस्कृत विद्येत वाढली. तीर्थामागून तीर्थे पालथी घालताना, १८७४ च्या सुमारास दुष्काळात तिचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. व्रते केली, दाने दिली, देव काही पावला नाही. पुढे भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी हिंडत ती १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या; परंतु पदव्या मिळाल्या तोवर जुन्या श्रद्धेचा पाया ढासळला होता. भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पती बिपिनबिहारी गेले, आणि लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व तेथून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

वाँटेज येथील मठाच्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलम येथील आपले काम दाखविले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळीत. ही माया आली कोठून, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीपाशी भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. रमाबाईंच्या मनाने तुलना केली आणि कौल दिला. नेहेम्या गोरे या मराठी ब्राह्मण ख्रिस्ती पंडितांच्या पत्रांनी उरलेल्या शंका पुष्कळशा फेडल्या. म्हणजे येथवरचा प्रवास विद्वानाचा होता: पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त.

सिद्धान्त पत्करला खरा, पण वाद मिटला नाही. त्यांची धर्ममाता भगिनी जेराल्डीन हिच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना दोन्ही बाजूंची कीव येते. रमाबाई तिला लाडाने ‘आजीबाई’ म्हणत आणि आजीबाईंना धर्मशास्त्रात जेरीस आणीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य कोणत्या आधारावर मानावयाचे? क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत? अंडे घातलेले पक्वान्न त्या खात नसत, तर तेवढ्यातही भगिनीला जातीचा अभिमान दिसे. जेराल्डीनबाईंच्या हिशेबी ही सारी अपुऱ्या श्रद्धेची लक्षणे होती. रमाबाईंचे उत्तर असे, की एका पुरोहितवर्गाचे जू महत्प्रयासाने मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्याचे जू आपण चढवून घेणार नाही. या वादात न्याय बहुतांशी रमाबाईंच्या बाजूला आहे. पण एक गोष्ट नजरेत भरते. दोघींचे भांडण काय मानावे आणि कोणाच्या सांगण्यावरून मानावे, एवढ्यापुरतेच होते. मानून झाल्यावर माणसाच्या आत काय होते, हा प्रश्न त्या भांडणात फारसा डोके वर काढीत नाही.

तो प्रश्न पुढे आला तो सर्व काही सुरळीत चालले असता. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. अमेरिकेतून पैसा येत होता, विधवा मुली शिकत होत्या, लौकिक वाढत होता. अशा वेळी रमाबाईंच्या वाचनात हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त आले. १८५१ साली हा मनुष्य कॉर्नवॉलमधील आपल्या देवळात उपदेश करीत असता, आपण लोकांना जे सांगतो ते आपल्यालाच अद्याप घडलेले नव्हते, असे त्याला व्यासपीठावरच उमगले आणि तेथेच त्याचे परिवर्तन झाले. पाळकच अश्रद्ध निघाला, तर पंडितेची काय कथा? रमाबाईंनी स्वतःची झडती घेतली. त्यांना दिसले, की आपला विश्वास बुद्धीचा आहे, त्यात जीव नाही. बाप्तिस्म्याने नवा जन्म होतो असे वाँटेजमध्ये शिकविले गेले होते. तो झाला असे समजून आपण निश्चिंत राहिलो.

टीकाकारांचे सारे बाण दुसऱ्याच दिशेने जात होते. लोभाने धर्म सोडला, असे म्हणणाऱ्यांना या स्त्रीने सुखाच्या नोकरीसाठी काही केले नाही हे दिसत होते. हट्टी आहे, असे म्हणणारीलाही तिचा हट्ट प्रामाणिक आहे हे ठाऊक होते. उणीव होती ती तिसऱ्याच जागी, आणि ती तिची तिलाच सापडली.

या शोधाची किंमत मात्र लगेच द्यावी लागली. शारदासदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे वचन होते. श्रद्धा कागदावर असती तर ते पाळणे सोपे होते. आता रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. बोलावणे नव्हते, येऊ नका, असेही सांगणे नव्हते. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. कायद्याने पाहिले तर वचन मोडले नाही. पण विश्वासाने मुली सोपविणाऱ्या पालकाला उघड्या दाराचा अर्थ निराळा वाटला, यात त्याचा दोष काय? ज्या आईसारख्या स्त्रीवर मुली जीव टाकतात, तिचे उघडे दार हेच आमंत्रण असते. रमाबाईंचे म्हणणे, स्वतःच्या घरात दार लावून चोरून प्रार्थना करणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि अशा ठिकाणी मंडळे मोडतात.

पुढे दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतातून रमाबाईंनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती उभी राहिली. ज्या दुष्काळात त्यांची स्वतःची माणसे गेली, त्याच जातीच्या दुष्काळात त्या आता अन्नाची पाटी घेऊन उभ्या होत्या. तेथे वाद घालायला कोणी नव्हते. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांना त्रैक्याचे कोडे विचारणार तरी कोण?

केडगावातच त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले आणि ते वर्षानुवर्षे चालविले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. क्रूसावर संस्कृत अक्षरे हवीत म्हणून एके काळी आजीबाईंशी भांडलेल्या या पंडितेने त्यात भारी संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी योजिली. ते खिळे जुळविले केडगावच्या छापखान्यातल्या स्त्रियांनी.