भीती कानांतून येते
(मंडळाच्या वर्धापनदिनी गोवंडी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



भुताखेतांच्या चित्रपटांवर बोलायला मी उभी राहिले, तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला तो मला ऐकू आला. पाककृती आणि बालसंगोपन सोडून हिला हे काय सुचले, असे वाटणे साहजिक आहे. पण भीती हा जिन्नस आपल्या घरांतून पुष्कळ खपतो. तेव्हा तो तयार कसा होतो हे एकदा पाहून ठेवलेले बरे.

त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या मुंबईच्या उपनगरातच, मालाडच्या बॉम्बे टॉकीजने १९४९ साली ‘महल’ काढला. दिग्दर्शक कमाल अमरोही, कामे अशोककुमार आणि मधुबाला यांची. ओसाड हवेलीत एक स्त्री गाते आहे आणि तो स्वर दुरून हळूहळू जवळ येतो आहे, असा भास संगीतकार खेमचंद प्रकाश यांना हवा होता. आजची यंत्रे तेव्हा कुठली? मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला, लताबाईंना कोपऱ्यात उभे केले आणि गात गात, एकेक पाऊल टाकीत त्याच्याकडे यायला सांगितले. ही हकीकत पुढे त्यांनीच सांगितली आहे. स्वर जवळ येतो, पण माणूस दिसत नाही, आणि पाहणाऱ्याचा जीव तेवढ्यात टांगला जातो. डोळे मिटता येतात. कान मिटता येत नाहीत. तान्ह्या मुलाच्या आईला हे निराळे सांगायला नको.

पटत नसेल तर घरी असा चित्रपट आवाज बंद करून पाहा. मुले हसतील. मग आवाज चालू करून पडद्याकडे पाठ करून बसा. तीच मुले तुम्हांला चिकटून बसतील.

प्रकाशाचे काम याच्या उलट. ‘महल’चे छायालेखक योसेफ वीर्शिंग हे जर्मन गृहस्थ. त्यांनी काळोखाला भरपूर जागा दिली. उजेड थोडा, आणि तोही अर्ध्या चेहऱ्यावर. उरलेला अर्धा आपण आपल्या मनाने भरतो, आणि आपल्याइतके वाईट भरणारा दुसरा कोणी नाही! मात्र काळोख हवाच असेही नाही. २०१७ च्या ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटात भरदिवसा उसाचा फड भिववतो. उंच ऊस, चार हातांपलीकडचे दिसत नाही, पाने सळसळतात आणि कुठून तरी मुलांचा आवाज येतो. पूजा सावंत हिने केलेली ती गरोदर बाई ज्याला भिते, त्याच्या मुळाशी मुलींची हत्या आहे. तिथे मला आवाजाची करामत विसरायला झाली.

‘महल’ पाहिला नसेल त्यांनी क्षणभर कान झाकावेत. त्यात भूत नाहीच. ती माळ्याची मुलगी असते.

आता मूळ गोष्ट. आमच्या शेजारच्या एका सुनेला बाळंतपणानंतर झोप येईना; ती एकटीच बडबडे. घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून एका भगताला आणले. आम्ही तिघीजणी गेलो, तर खोलीत धुपाचा धूर, एक मिणमिणता दिवा आणि भगताचे खालच्या पट्टीतले पुटपुटणे. मध्येच तो गप्प होई, आणि सगळे श्वास रोखून बसले की ताटावर एकदम चिमटा आपटी. खरे सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला हे मला पाठ होते, पण त्या वेळी ओठांवर येईना. आमच्यातल्या वयाने मोठ्या बाईंनी पुढे होऊन भिंतीवरचे बटण दाबले. ट्यूबलाइट दोनदा फडफडून लागली. धुरात खोकणारी एक थकलेली पोर, पाळण्यात जागे बाळ, आणि भगताच्या मांडीजवळ मोजून ठेवलेल्या नोटा, एवढेच काय ते तिथे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूच तिला घेऊन इस्पितळात गेली.