चौथ्याच चालीत उलटलेला हंगाम

११ सप्टेंबर २०२३. न्यूयॉर्क जेट्सचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातला पहिला सामना. ३९ वर्षांचा नवा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स अमेरिकेचा झेंडा घेऊन मैदानात धावत आला, तेव्हा स्टेडियम दणाणून गेलं. जेट्सनं सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला तो जानेवारी १९६९ मध्ये. त्यानंतरची सगळी आशा या एका माणसावर होती.

त्याच्या चौथ्याच चालीत प्रतिस्पर्धी बफेलो बिल्सच्या लेनर्ड फ्लॉइडनं त्याला खाली पाडलं. रॉजर्स उठला, क्षणभर उभा राहिला आणि गुपचूप पुन्हा खाली बसला. ते बसणं पाहून काळजात चर्र झालं. डाव्या पायाचं अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर, तुटलं होतं. ते तुटलं की पाय रेटून धावणंच थांबतं. बहुतेकदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि सावरायला महिनोन्‌महिने जातात.

क्वार्टरबॅक म्हणजे जवळपास प्रत्येक चाल सुरू करणारा खेळाडू. तो गेला की आक्रमणाची घडीच विस्कटते. त्या रात्री जेट्स जादा वेळेत २२-१६ असे जिंकले खरे. पण साखळीतल्या १७ सामन्यांत त्यांच्या वाट्याला ७ विजय आणि १० पराभव आले.

या दुखापतीनंतर वाद पेटला तो मैदानावरच्या कृत्रिम हिरवळीवरून. खेळाडूंच्या संघटनेनं नैसर्गिक गवताची मागणी पुन्हा लावून धरली. मला ती रास्त वाटते. रोज अंग झोकून देणाऱ्यांनी पायाखालची जमीन निवडायला हवी.

रॉजर्स २०२४ मध्ये परतला आणि सगळे १७ सामने खेळला, वयाच्या चाळिशीत.