फेस कुठे जातो?

परदेशात हौसेने घरी बिअर बनवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. पिंपात बिअर आहे, चव आहे, पण फेस नाही. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि माझ्या घरात तर ते वर्ज्यच. तरीही हा फेस जातो कुठे, हे वसईच्या ताडाखाली उभं राहिलं की छान समजतं.

ताडाचा ताजा रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावला, तर ती आंबत नाही. चुना नसेल, तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट रसातली साखर खाऊ लागतं. त्यातून दोन गोष्टी निघतात, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. फेस या वायूचा. बिअरमध्येही तोच, सोड्यातही तोच. इंग्लंडात लीड्सला जोसेफ प्रीस्टली मद्याच्या कारखान्याशेजारी राहत होते. तिथल्या आंबणाऱ्या पिंपांवरचा वायू पाण्यात मुरवून त्यांनी १७६७च्या सुमारास पहिलं सोडावॉटर बनवलं. म्हणजे सोड्याचं माहेर बिअरचं पिंपच!

हा वायू दोन गोष्टींना बांधलेला असतो, थंडावा आणि दाब. शून्य अंशाजवळचं पाणी वीस अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वायू धरून ठेवतं. म्हणून पिंपाची बिअर बसली, तर जाणकार आधी गळती शोधतात. सिलिंडरच्या नळीला आपण साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहतो ना, तसंच. मग पिंप थंड करून वायूचा दाब काही दिवस कायम ठेवतात. बाटलीत भरायची असेल, तर मोजून साखर घालून यीस्टला पुन्हा कामाला लावतात. साखर जास्त झाली, तर बाटली फुटते.

मडक्याला मात्र ना झाकण, ना दाब. सकाळी गोड, दुपारी फसफसती, दुसऱ्या दिवशी आंबट. वसईच्या ख्रिस्ती घरांतल्या बायकांनी तिच्याशी भांडण केलं नाही. फसफसती ताडी पिठात घालून फुगे आणि सांदणं फुगवली. आंबट झालेलीचा शिरका केला.

भांडण करतात ते विकणारे. झाडं तुटली, चढणारे हात कमी झाले, गिऱ्हाईक मात्र तेवढंच. मग पाण्यात क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं औषध मिसळून ‘ताडी’ तयार होते. दारूतल्या भेसळीची किंमत आपण जून २०१५मध्ये मालवणीत पाहिली. मिथेनॉलने शंभराहून अधिक माणसं गेली.

खऱ्या ताडीला वेळेचं बंधन असतं. जिथे ताडावर चढणारा माणूस कधी दिसत नाही आणि ताडी मात्र दिवसभर एकाच चवीची मिळते, तिथे आपल्या माणसांना जाऊ देऊ नका.