गाडीतलं पाणी जातं कुठं?
(पुण्यातील हितचिंतकांच्या सभेतील भाषण)



मी मिशनची जीप चालवतो. आहुप्याकडून डिंभ्यावरून घोडेगावच्या रुग्णालयाकडे येताना तिच्यात बहुधा आजारी माणूस असतं. म्हणून तुमच्या वर्गणीतून नुकत्याच झालेल्या एका छोट्या कामाबद्दल बोलतो.

कूलंट दर दोन दिवसांनी कमी व्हायचं. रेडिएटर कोरडा, पाइप कोरडे. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या जोडावर मात्र हिरवट-पांढरी पापडी धरली होती. तिथला थेंब गरम इंजिनवरच वाळतो, जमिनीवर डाग पडत नाही. मग सापडणार कसा?

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडलं. आत दाब असतो, घाई केली तर उकळतं पाणी तोंडावर येतं. जुनं गॅस्केट जपून खरवडलं, कारण अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा पडला की गळती पुन्हा सुरू. नवं नाना पेठेत मिळालं. बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळले, शेवटी आतली हवा काढली.

‘थर्मोस्टॅटच काढून टाका,’ हा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. मी मानला नाही. साधारण ८० ते ९० अंशांना उघडणारी ही झडप नसली, तर इंजिन थंडच राहतं आणि डिझेल जास्त पितं. बोअरचं पाणीही भरू नये, आत क्षार धरतात.

काढलेलं कूलंट ओढ्यात ओतलं नाही. ते चवीला गोडसर, पण विषारी असतं. आणि वाडीत शेळ्या आहेत, लेकरं आहेत. कॅनमध्ये भरून परत पुण्याला आणलं.