परसबागेत सूर्यफुलाची सोबत



सिल्वासा परिसरातील परसबागांत काकडी व लाल भोपळ्याची कोवळी फळे पुष्कळदा पिवळी पडून गळतात आणि दोष खताला दिला जातो. वस्तुतः या वेलींना नर व मादी फुले निरनिराळी येतात. मधमाशी फिरकली नाही, तर फळ धरत नाही. म्हणून पावसाळा सरताच वाफ्याच्या उत्तर कडेला दीड-दोन फुटांवर सूर्यफुले लावावीत. वेलींवर त्यांची सावली पडत नाही आणि मधमाश्यांची ये-जा वाढते. बियांची टरफले मात्र वाफ्यात साचू देऊ नयेत. त्यांतील द्रव्यांमुळे शेजारचे बी नीट रुजत नाही. औषध फवारणे अटळच असेल, तर ते मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी फवारावे. पोपटांचा वाटा गृहीतच धरावा!