फर्रुख जाफर: आवाज आधी, चेहरा नंतर



फर्रुख जाफर १९६३ मध्ये लखनौ रेडिओवर निवेदिका झाल्या. लोकांपर्यंत आधी त्यांचा आवाज पोचला, चेहरा बऱ्याच वर्षांनी. १९८१ च्या ‘उमराव जान’मध्ये त्या रेखाची आई होत्या. पुढे ‘स्वदेस’, मग २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’मधली खाटेवरची तोंडाळ अम्मा. नायिका जवळपास कधीच नाही. ‘गुलाबो सिताबो’मधल्या फातिमा बेगमसाठी २०२१ मध्ये फिल्मफेअर मिळालं, तेव्हा वय होतं ८८. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं निधन झालं.

अवधचं बोलणं हीच त्यांची पुंजी होती. आपण मात्र घरची बोली लपवतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मुलाखतीला आलेली आपली हुशार मुलं कोकणी, दखनी वळण झाकण्यात इतकी गुंततात, की येत असलेलं उत्तरही अर्धवट राहतं. बहिणींना तर आपण पहिला धडाच देतो, ‘आवाज खाली ठेव.’

आज ऑडिओबुक, पॉडकास्ट, डबिंग, सगळीकडे आवाज हवे आहेत. रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. अडतंय ते घरातल्या परवानगीपाशी. तेव्हा आज घरी गेल्यावर बहिणीला किंवा अम्मीला काहीतरी मोठ्यानं वाचायला सांगा. आणि मध्ये न बोलता ऐका.